अंदमानात झालेली न दुखणारी जखम



२०२५ च्या फेब्रुवारीत माझा दवाखाना बारा दिवस बंद होता. दारावर 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत' असा बोर्ड होता आणि परत आल्यावर जो येईल तो विचारत होता, "साहेब, कुठं गेला होता?" मी सांगत होतो, अंदमानला. मग समुद्र कसा आहे, जेल कसं आहे, खर्च किती आला, असं बोलणं व्हायचं. ते सगळं मी हौसेनं सांगितलं. पण त्या सहलीतली एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. आज ती सांगायची आहे, कारण ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे. आणि खरं सांगायचं तर ती लपवल्याची मलाच आता लाज वाटते.

आधी सहलीबद्दल. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, वय २६. ती आणि तिच्या मैत्रिणी पाठीवर सॅक टाकून फिरतात. टूर कंपनी नाही, आधीपासून ठरवलेली गाडी नाही, मिळेल त्या बसनं आणि बोटीनं जायचं, साध्या खोलीत राहायचं. ती म्हणाली, "पप्पा, या वेळी तुम्ही चला. फक्त ओढायची बॅग आणायची नाही." सौभाग्यवती शिक्षिका आहेत आणि फेब्रुवारी म्हणजे बोर्डाच्या परीक्षा, त्यामुळे त्या आल्या नाहीत. वयाच्या ५४ व्या वर्षी मी पहिल्यांदा पाठीवर सॅक घेतली. घरी वजन केलं तर अकरा किलो भरली. त्यातली दोन किलो औषधं! अर्धा दवाखानाच घेतला होता म्हणा ना. त्या औषधांत पायाला लावायचं एकही ड्रेसिंग नव्हतं, हे नंतर कळलं.

धाराशिवहून एसटीनं सोलापूर, तिथून रेल्वेनं चेन्नई आणि चेन्नईहून विमानानं पोर्ट ब्लेअर. या शहराचं नाव २०२४ च्या सप्टेंबरमध्ये श्री विजयपुरम झालं, पण तिथले रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. आम्हा धाराशिवकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या एसटीच्या पाटीवर धाराशिव असतं आणि म्हाताऱ्या पेशंटच्या तोंडी उस्मानाबाद. हॅवलॉक आणि नील या बेटांचंही तसंच आहे. २०१८ पासून ती स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत, पण बोटीच्या खिडकीवर सगळे जुन्याच नावानं तिकीट मागतात. मीही इथे सवयीची नावंच वापरतो.

उतरल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल पाहिलं. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत ते बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात इमारती होत्या, त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी पाहायला मराठी माणसांची रांग असते, आमचीही पावलं तिकडेच आधी गेली. पण डॉक्टर म्हणून मला दुसरी एक गोष्ट जास्त वेळ धरून राहिली. पोर्ट ब्लेअरचं मोठं सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत हॉस्पिटल, याच जेलच्या आवारात आहे. जिथं माणसं तेलाच्या घाण्याला जुंपली जायची, त्याच आवारात आज बाळंतपणं होतात.

आणि अंदमानचा इतिहास म्हणजे तब्येतीचाच इतिहास आहे. इंग्रजांनी १७८९ मध्ये इथं पहिली वसाहत केली, ती आजाराला कंटाळून १७९६ मध्ये गुंडाळून परत गेले. १८५७ च्या उठावानंतर कैद्यांसाठी पुन्हा आले, १८५८ च्या मार्चमध्ये. २०० कैदी घेऊन आलेला जो पहिला अधिकारी होता, जेम्स पॅटिसन वॉकर, तो पेशानं डॉक्टर होता. तरीही पहिल्या काही वर्षांत ताप आणि जुलाबानं माणसं भराभर मेली. इथला हिवताप पसरवणारा डास खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्यात वाढतो, म्हणजे आपल्याकडे घरासमोरचं डबकं बुजवतात तसं करून तो जात नाही. खाडीच्या कडेची दलदलच त्याचं घर. म्हणून आजही तिथं जाणाऱ्यांनी संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डास पळवणारं मलम लावावं, आणि परतल्यावर महिनाभरात थंडी-ताप आला तर डॉक्टरांना "मी बेटांवर जाऊन आलोय" हे आपणहून सांगावं. ते न सांगितल्यानं निदान चुकतं.

तिथं पहिले दोन दिवस मी नुसता दमून गेलो. याचं मला आश्चर्य वाटलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, त्यात मी दिवसभर पेशंट तपासतो. तिथं तापमान जेमतेम तीस. तरी चढ चढून वर आलो की शर्ट पिळून काढावा लागायचा, डोकं जड व्हायचं. कारण असं, की घाम येण्यानं शरीर थंड होत नाही, घाम वाळण्यानं होतं. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आपली हवा कोरडी आहे, इथं घाम दिसायच्या आत वाळतो. बेटांवर हवा आधीच ओली असते, घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. पोर्ट ब्लेअर असो, कोकण असो, नाहीतर हल्ली आपल्याकडची मंडळी जातात ते थायलंड-बाली असो, मराठवाड्यातल्या माणसानं पहिले चार दिवस दुपारी बारा ते तीन हिंडू नये. शरीर शिकतं, पण त्याला आठवडा लागतो. नारळपाणी चांगलंच, पण किडनीचा त्रास असणाऱ्यांनी त्यातल्या पोटॅशियममुळे जपून प्यावं.

आता ती न सांगितलेली गोष्ट. मला मधुमेह आहे. सात वर्षं झाली.

हे माझ्या घरच्यांना माहीत आहे, दोन-तीन डॉक्टर मित्रांना माहीत आहे. पेशंटना नाही. "डॉक्टरलाच शुगर, मग आपलं काय बरं करणार" असं लोक म्हणतील, ही त्यामागची भीती. गोळ्या मी घेत होतो. पण साखर तपासायची म्हटलं की "उद्या सकाळी उपाशीपोटी बघू" म्हणायचो, आणि उद्या सकाळी सात वाजल्यापासून दवाखान्यात गर्दी. अंदमानला निघालो तेव्हा माझी तीन महिन्यांची सरासरी साखर शेवटची तपासून दीड वर्ष झालं होतं. हाच प्रकार पेशंटनं केला असता तर मी टेबलावर हात आपटून बोललो असतो.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं हॅवलॉक. दीड-दोन तासांचा प्रवास, समुद्र जरा खवळलेला. अर्धी बोट ओकत होती. ज्यांना घाटातल्या एसटीत मळमळतं त्यांनी बोटीत बसायच्या तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. बसायचं बोटीच्या मध्यभागी, आणि मोबाईलकडे नाही, लांब क्षितिजाकडे बघायचं. आतल्या कानाला हलतंय असं कळतं आणि डोळ्यांना मोबाईल स्थिर दिसतो, या दोघांच्या भांडणातून मळमळ होते. मधुमेहाच्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: उलट्या थांबत नसतील, पोटात काही टिकत नसेल, तर साखरेच्या गोळ्या नेहमीप्रमाणे गिळत राहू नका. काही गोळ्या तेव्हा थांबवाव्या लागतात, काही नाही, आणि इन्सुलिन मनानं कधीच पूर्ण बंद करायचं नसतं. जाण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून हे लिहून घ्या.

हॅवलॉकचे दोन दिवस सुखाचे गेले. राधानगरचा किनारा पाहिला, तो खरोखरच पाहावा असा आहे. तिथं सूर्य लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला इतकी लांब की फेब्रुवारीत साडेपाचलाच अंधारायला लागतं. आम्ही एका छोट्या हॉटेलात डाळ-भात-मासे खात होतो. मालक बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना सरकारनं या बेटांवर जमिनी दिल्या, त्यांच्या वंशजांची गावं आज सगळीकडे आहेत. नीलवर तर भाताची खाचरं, भाजीचे मळे, शेणानं सारवलेली अंगणं. समुद्र दिसत नसेल तर आपण कुठल्यातरी खेड्यात आहोत असंच वाटतं. बाजारात वांगी बघून मला घरची आठवण झाली.

नीलच्या लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ओहोटीच्या वेळी तिथं चालत जाता येतं, पण वाट म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा खडबडीत, शेवाळलेला खडक, मधे मधे पाण्याची डबकी. डबक्यांत मासे, काकड्यांसारखे दिसणारे काळे प्राणी. गाईडनं सगळ्यांना सांगितलं, बूट काढू नका. मी बूट खोलीवर ठेवून रबरी स्लीपर घालून आलो होतो. शेवाळावर स्लीपर सटकायला लागल्या. पडून हात मोडण्यापेक्षा बरं, म्हणून मी त्या काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चाललो. जाताना-येताना मिळून अर्धा तास.

इथं जरा थांबतो, कारण हे वाचून माझे पेशंट हसणार आहेत.

दर वर्षी नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूर, कर्नाटक, आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसं चालत तुळजापूरला येतात. कितीतरी जण अनवाणी. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाय येतात. फोड आलेले, तळवे भाजलेले, काटा आत राहिलेला. त्यातले निम्मे मधुमेहाचे असतात असं मला वाटतं, मोजलेलं नाही. मी प्रत्येकाला तेच भाषण देतो: देवीला चप्पल घालून चाललेलं चालतं, पायरीपाशी काढा. एका मामांचा अंगठा अशाच एका वारीनंतर काढावा लागला होता. मामा म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, दुखलंच न्हाई वो. दुखलं असतं तर आलो असतो की." तेव्हा मी त्यांना बरंच सुनावलं होतं.

तर नीलहून त्याच दुपारी बोटीनं आम्ही पोर्ट ब्लेअरला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या बसनं उत्तरेकडे निघालो. ही अंदमान ट्रंक रोड. जिरकाटांगच्या नाक्यावर सगळ्या गाड्या थांबवतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांसोबत एका रांगेत सोडतात, कारण पुढचं जंगल जारवा आदिवासींसाठी राखीव आहे. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. याचंही एक कारण तब्येतीचं आहे: बाहेरच्या माणसांचा साधा गोवर-सर्दी-ताप त्यांना झेपत नाही. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. आमच्या बसमधला एक प्रवासी खिडकीतून बिस्किटं टाकायच्या तयारीत होता, कंडक्टरनं त्याला जे झापलं ते ऐकून बरं वाटलं. पुढे बस बोटीवर चढवून खाडी ओलांडली, खारफुटीच्या जंगलातून गेलो आणि दुपारी रंगतला पोचलो. छोटं बाजाराचं गाव. दुसऱ्या दिवशी तिथून मायाबंदर आणि मग दिगलीपूर, असा मुलीचा बेत होता. दिगलीपूरला सॅडल पीक आहे, ७३२ मीटर, बेटांवरचं सगळ्यात उंच शिखर. ते चढायचं म्हणून तर तिनं मला खास बूट घ्यायला लावले होते.

संध्याकाळी खोलीवर बूट काढले. उजवा मोजा निघेना. मुलगी समोर बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, मोज्याला काय लागलंय?"

मोजा तळव्याला चिकटला होता. पाणी टाकून काढला तर अंगठ्याच्या खालच्या गादीवर जवळपास दीड इंच लांब चीर, कडा पांढऱ्या पडलेल्या, भोवती लाल, आणि वास. प्रवाळानं कापल्याला दीड दिवस होऊन गेला होता. त्या दीड दिवसात मी बोटीत चढलो, अकरा किलो पाठीवर घेऊन बसस्टँडपर्यंत चाललो, बसमध्ये सात-आठ तास बूट घालून बसलो, बाजारात हिंडलो.

"दुखत नाही?" तिनं विचारलं.

मी बोटानं कडेला दाबलं. दाबल्याचं कळलं, दुखलं नाही. आणि तेव्हा मला अंगावर काटा आला. जखम मी हजारो पाहिल्यात, जखमेला मी घाबरलो नव्हतो. ती दुखत नव्हती, त्याला घाबरलो.

मी तीस वर्षं लोकांना समजावतोय ते असं. मधुमेहात बरीच वर्षं साखर जास्त राहिली की बारीक नसा खराब होतात. सगळ्यात लांब नस आधी जाते, आणि शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून सुरुवात पायापासून. कुणाला मुंग्या येतात, कुणाला रात्री आग होते, कुणाला कापसावर चालल्यासारखं वाटतं. पण बऱ्याच जणांना काहीच होत नाही, आणि हेच फसवतं. दुखणं हा शत्रू नाही, तो पहारेकरी आहे. बुटात खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो, कारण दुखतं. पहारेकरी झोपला तर त्याच खड्यावर माणूस दहा किलोमीटर चालतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाच्या पेशंटांत हेच दाखवून दिलं होतं. लोक समजायचे रोगानं बोटं झडतात. त्यांनी पाहिलं की बोटं झडत नाहीत, संवेदना नसल्यानं ती भाजतात, चेंगरतात, कापतात, आणि कुणाला पत्ता लागत नाही म्हणून जातात. मधुमेही पायाची गोष्ट तीच आहे. नसा बिघडल्या की घामही कमी येतो, कातडी कोरडी पडते, टाचा फुटतात, बोटं वाकडी होऊन तळव्याच्या ठरावीक जागी भार वाढतो. त्यात साखर जास्त, म्हणजे जंतूंना मेजवानी आणि भरून यायला उशीर.

हे सगळं मला पाठ आहे. आणि स्वतःच्या पायावर मी ते कधीच तपासलं नव्हतं.

मी मुलीला म्हणालो, काही नाही, रात्री ड्रेसिंग करू, गोळ्या आहेत माझ्याकडे, उद्या पुढे जाऊ. आपल्यामुळे तिची सहल बिघडू नये असं वाटत होतं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पप्पा, हाच पाय घेऊन तुमचा पेशंट आला असता तर त्याला डोंगर चढायला पाठवलं असतं का?"

मी काही बोललो नाही. तिनं चप्पल घातली आणि रिक्षा आणायला गेली.

रंगतच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. मी डॉक्टर आहे हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण मुलीनं सांगून टाकलं. त्यांनी रक्तातली साखर बघितली, २८६. त्यांनी काही म्हटलं नाही, मीच मान खाली घातली. मग सलाईननं जखम भरपूर धुतली आणि चिमट्यानं आतून तीन-चार पांढरे कण काढले. प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा. कापताना त्याचे बारीक तुकडे आत राहतात, आणि ते राहिले तर जखम वरून मिटते आणि आत चिघळते. म्हणून अशी चीर लगेच स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जोर लावून धुवायची असते. समुद्राच्या पाण्यानं धुवायची नसते. समुद्राच्या उबदार पाण्यात काही वेगळे जंतू असतात. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत, पण मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असेल तर एखादा जंतू एका-दोन दिवसांत पाय काळानिळा करून जीवावर उठू शकतो. लाली वर सरकायला लागली, फोड आले, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. त्यांनी त्या जंतूंवर चालणारी दोन औषधं दिली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाके घातले नाहीत, ते बरोबरच होतं. अशी जुनी, घाण गेलेली जखम शिवून बंद केली तर पू आत कोंडतो.

दिगलीपूरला निघालो होतो म्हटल्यावर ते हसले. या नावाला डॉक्टरांच्या जगात एक ओळख आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथं एक ताप यायला लागला, छातीतून रक्त यायचं, माणसं दगावायची. त्याला अंदमान हॅमरेजिक फीवर म्हणायचे. १९९३ मध्ये कळलं की तो लेप्टोस्पायरोसिस आहे, उंदराच्या लघवीतून ओल्या मातीत उतरणारा आणि पायाच्या चिरेतून शरीरात शिरणारा. भातशेतीच्या चिखलात उघड्या पायानं काम करणाऱ्यांना जास्त. आपल्याकडे कोकणात, मुंबईत पावसाळ्यात होतो तोच. फेब्रुवारीत तो धोका कमी असतो, पण तळव्याला उघडी चीर घेऊन तिथल्या वाटा तुडवायला जाणारा डॉक्टर त्यांना विनोदीच वाटला असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही आल्या वाटेनं परत. पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारातल्या एका लॉजवर चार दिवस मी पाय उशीवर ठेवून पडून राहिलो. मुलगी एकटी आसपास फिरून आली, रोज संध्याकाळी फोटो दाखवायची आणि मग माझ्या तळव्याचा फोटो काढून मलाच दाखवायची, लाली कुठपर्यंत आहे ते. पहिल्या रात्रीच तिनं लालीच्या कडेनं पेननं रेघ मारली होती. ती युक्ती तिला मीच कधीतरी सांगितली असणार. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली. आईला फोनवर मात्र "पप्पांना जरा लागलंय" एवढंच सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. ते तिला पटलं नव्हतं.

परत आल्यावर सोलापूरला सर्जन मित्राला दाखवलं. एक्स-रे काढला, हाडापर्यंत गेलं नव्हतं. मग त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या जाडसर दोऱ्यासारखी एक काडी तळव्याला टेकवत विचारत गेला, "आता कळतंय?" ती काडी वाकेपर्यंत दाबली की ठरावीक दहा ग्रॅमचाच दाब पडतो, आणि तेवढा कळला नाही तर पायाचं संरक्षण गेलं असं समजतात. मी दोनदा "हो" म्हणालो. त्यानं काडी तेव्हा टेकवलीच नव्हती. जखमेच्या बाजूच्या तीन जागा मला कळल्याच नाहीत. सरासरी साखर निघाली ८.९.

जखम भरायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस मी दवाखान्यात खुर्चीवर बसून, उजवा पाय स्टुलावर ठेवून पेशंट तपासले. विचारलं तर "मुरगळलाय" म्हणायचो. हीच ती लपवलेली गोष्ट.

आता साखर बरी आहे, सकाळची गर्दी व्हायच्या आधी मी स्वतः तपासतो. गेलेली संवेदना बहुतेक परत येणार नाही. साखर नीट ठेवली तर पुढचं जायचं थांबतं, एवढंच. म्हणून रात्री झोपताना स्टुलावर बसून दोन्ही तळवे बघतो. वाकता येत नाही, म्हणून जमिनीवर आरसा ठेवलाय. बोटांच्या बेचक्यांतही बघायचं, तिथं चिखल्या लपतात. मोजे पांढरे घालतो, डाग दिसावा म्हणून. अंदमानात काळे होते. बूट घालायच्या आधी आत हात घालून बघतो, उलटा करून झटकतो. आपल्याकडे तर विंचवासाठीही ते बरं. टाचांना तेल-मलम लावतो, पण बेचक्यांत नाही. पाय शेकायला गरम पाण्यात कधी घालत नाही, कारण पाणी किती गरम आहे हे पाय सांगणार नाही. हे हात किंवा कोपर सांगतं. घरातही चप्पल. देवघरात जाताना काढतो, तिथं फरशी स्वच्छ असते हे बघून.

आणि प्रवासाला जाणाऱ्यांना सांगतो, जरूर जा. मधुमेह आहे म्हणून घरी बसू नका. मीही सॅडल पीक सोडलेलं नाही, मुलीला तसं सांगून ठेवलंय. पण जाण्याआधी पाय तपासून घ्या. गोळ्या, इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटात सामान टाकलं तर इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं. बूट नवे घेऊन थेट निघू नका, आधी महिनाभर गावात वापरा. समुद्रात, नदीत, खडकावर पाय झाकणारे बूट घालूनच उतरा. जिवंत प्रवाळावर तर कुणीच पाय देऊ नये, आपल्या पायापेक्षा ते जास्त नाजूक आहे.

मागच्या कोजागरीनंतर तेच मामा आले होते, अंगठा गेलेले. या वेळी तुळजापूरला चप्पल घालून चालत गेले होते, ते सांगायलाच आले. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, पाय वर घ्या, बघू. त्यांनी पाय स्टुलावर ठेवला, चांगला होता. मग माझ्या उजव्या बुटाकडे बघत म्हणाले, "सायेब, उन्हाळ्यात तुम्ही लंगडत व्हता. मुरगळला म्हणला, पर मुरगळलेला पाय असा वर ठेवत न्हाईत. तुमचं बी दावा की."

बाहेर चार पेशंट बसले होते, दार उघडंच होतं. मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय त्यांच्या पायाशेजारी स्टुलावर ठेवला.